पंप नवा, तरी स्टिअरिंग जडच: डब्ल्यू१२३ मर्सिडीजचं निदान

डब्ल्यू१२३ बाळगणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. स्टिअरिंग जड झालं म्हणून गाडी गॅरेजला गेली, मिस्त्रींनी पॉवर स्टिअरिंगचा पंप उतरवला, सील किट टाकलं किंवा कुठून तरी दुसरा पंप आणून चढवला. गाडी घरी आली तेव्हा एका हाताने वळत होती. काही महिने बरे गेले आणि मग एक दिवस सोसायटीच्या गेटातून गाडी मागे घेताना पुन्हा दोन्ही हात, खांदा आणि तोंडातल्या तोंडात शिव्या. मग पुन्हा पंप.

असं ज्यांच्या बाबतीत झालंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं म्हणणं एवढंच, की पंप हा शेवटचा संशयित आहे. पण तो बॉनेट उघडताच दिसतो, थोड्या बोल्टांत निघतो आणि त्याचं किट मिळतं, म्हणून पहिली अटक त्यालाच होते. शिवाय नवा पंप बसवल्यावर खरोखर फरक पडतो, आणि फसगत होते ती तिथेच. स्टिअरिंग बॉक्सच्या आत तेल निसटत असेल, तर थकलेल्या पंपाला ती तूट भरून काढता येत नाही. नवा पंप जास्त तेल ढकलतो आणि तूट झाकली जाते. बॉक्समधली झीज मात्र चालूच असते. तिचा बारीक चुरा तेलाबरोबर फिरत पंपात येतो, पंपाच्या पात्या आणि त्यांची भिंत घासते, आणि दुसरा पंपही पहिल्याच्या वाटेने जातो.

आधी गाडीबद्दल. डब्ल्यू१२३ बाजारात आली १९७६ साली, आणि १९८२ च्या सुधारणेपर्यंत पॉवर स्टिअरिंग सगळ्या मॉडेलांना सरसकट मिळत नव्हतं. त्यामुळे जुनी २०० किंवा २४० डी नव्याने विकत घेऊन 'स्टिअरिंग फार जड आहे हो' म्हणणाऱ्याने सर्वांत आधी बॉनेट उघडून पंप आहे का ते बघावं. हसू नका. साधं स्टिअरिंग असलेल्या गाडीचं पॉवर स्टिअरिंग दुरुस्त करायला निघालेली माणसं असतात. पुढे १९९५ पासून पुण्यात टेल्कोच्या आवारात जोडल्या जाऊ लागलेल्या डब्ल्यू१२४ मध्येही बॉक्स ह्याच जातीचा, म्हणजे आत गोळ्या फिरणारा आहे, म्हणून खालचं बहुतेक सगळं ई २२० आणि ई २५० डी वाल्यांनाही लागू पडेल. रॅक-पिनियनच्या गाड्यांनी, म्हणजे जिथे बॉक्सच्या जागी दातेरी दांडा असतो त्यांनी, बॉक्सबद्दलचा भाग सोडून द्यावा.

रचना थोडक्यात सांगतो. पट्ट्यावर फिरणारा पंप तेलाला दाब देतो. ते तेल जाड पाइपातून स्टिअरिंग बॉक्समध्ये जातं. बॉक्समधला पिस्टन हाच स्टिअरिंगच्या दांड्यावर गोळ्यांच्या आधाराने सरकणारा नटही असतो. तुम्ही स्टिअरिंगला जोर दिलात की आतला व्हॉल्व्ह किंचित सरकतो आणि पिस्टनच्या योग्य त्या बाजूला दाब सोडतो. काम झालं की तेल परतीच्या पाइपाने पंपाच्या डोक्यावरच्या डब्यात येतं. दाब गेला तरी लोखंडी जोडणी शाबूत असते, म्हणून गाडी वळते, फक्त सगळं ओझं तुमच्या हातावर येतं. बॉक्सच्या पुढे त्याच्या दांड्यावर बसलेला पिटमन आर्म, मधली ड्रॅग लिंक, दोन टाय रॉड, दुसऱ्या बाजूचा आयडलर आर्म, एक स्टिअरिंग डँपर आणि चाकांपाशी बॉल जॉइंट. ह्यातलं काहीही अडकलं तरी स्टिअरिंग जडच लागतं, मग तेलाचा दाब कितीही उत्तम असो.

म्हणून पहिला प्रश्न हा, की मदत कमी पडतेय, की अडथळा वाढलाय? ह्याचं उत्तर मिळेपर्यंत पाना हातात घेऊ नये.

'जड' म्हणजे किती जड?

'हल्ली जड वाटतं' ह्या वाक्यावर निदान होत नाही. मालकाला जड वाटतं, मिस्त्रींना नॉर्मल वाटतं, आणि दोघंही खरं बोलत असतात. रद्दीवाल्याकडे असतो तसा हुकाचा स्प्रिंगकाटा घ्या. गाडी सपाट, कोरड्या जागी, इंजिन चालू, तेल गरम, चाकं सरळ. काटा स्टिअरिंगच्या कडेला अडकवून कडेच्या रेषेतच ओढा आणि चाकं हलायला लागताना काटा कुठे होता ते लिहून ठेवा. डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा, आणि दोन्ही बाजूंना गाडीची पुढची चाकं वर उचलून पुन्हा. हे चार आकडे वहीत असले की पुढच्या प्रत्येक दुरुस्तीनंतर वाद उरत नाही. पुन्हा पुन्हा येणाऱ्या दोषासाठी तर ही वहीच अर्धं निदान करते, कारण दोष अचानक परतला की हळूहळू, हे तिच्यातूनच कळतं. अचानक परतला तर व्हॉल्व्ह, पट्टा, पाइप. हळूहळू परतला तर झीज, गळती, घाण.

कधी जड होतं ते आधी सांगा

गॅरेजात सर्वांत कमी विचारला जाणारा प्रश्न हाच. पंपाला डावं-उजवं कळत नाही. त्यामुळे एकाच बाजूला वळताना जड आणि दुसरीकडे ठीक असेल, तर पंपाला हात लावू नका. दोष बॉक्समधल्या व्हॉल्व्हमध्ये किंवा पिस्टनच्या सीलमध्ये आहे, नाहीतर बाहेरचा एखादा सांधा त्या बाजूला अडतोय.

सावकाश फिरवलं तर हलकं, पटकन फिरवलं की मध्येच अडकल्यासारखं जड, हे तेलाचा पुरवठा कमी पडत असल्याचं लक्षण आहे. दाब तयार होतोय, पण पिस्टनच्या मागची जागा भरायला पुरेसं तेल वेळेत पोचत नाही. सैल पट्टा, तुंबलेला फिल्टर, झिजलेल्या पात्या, ह्या क्रमाने बघा. इंजिनाला जरा रेस दिल्यावर हलकं होतं का, हेही त्याच्या जोडीला बघायचं. होत असेल तर पुन्हा पुरवठ्याकडेच बोट जातं. पण आधी आयडलिंग तपासा. ह्या डिझेल इंजिनांचं आयडलिंग साधारण सातशे-आठशे फेऱ्यांचं. एसी लावल्यावर ते खाली बसत असेल, तर पंप बिचारा निम्म्या जोराने फिरतोय आणि खापर त्याच्यावर फुटतंय. उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्येच जड होणाऱ्या काही गाड्यांची गोष्ट एवढीच निघते.

सकाळी जड, दहा-पंधरा मिनिटांनी बरं, असं असेल तर तेल फार घट्ट आहे, चुकीचं आहे, किंवा थंडीत आखडलेली सीलं गरम झाल्यावर बसतायत. अमेरिकेत १९८० च्या दशकातल्या जनरल मोटर्सच्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत हा दोष इतका सर्रास होता की त्याला सकाळच्या आजारपणाचं नाव पडलं होतं. तिथे रॅकच्या अॅल्युमिनियमच्या भिंतीत रिंगांनी चर पाडलेले असायचे. उलट, थंड असताना ठीक आणि तासभर चालवल्यावर जड होत असेल तर समजा की तेल पातळ होऊन झिजलेल्या फटींतून निसटतंय. हे जास्त खर्चाचं लक्षण आहे.

आणि सगळ्यांत बोलकी खूण म्हणजे वळण संपल्यावर स्टिअरिंग हातातून सैल सोडलं तर ते स्वतःहून सरळ येतं का? जड आहे पण परत येतं, तर बहुधा मदतच कमी आहे. जड आहे आणि सोडलं तिथेच थांबतं, किंवा सरळ रस्त्यावर सारखं इकडेतिकडे सावरावं लागतं, तर कुठेतरी लोखंडाला लोखंड चावतंय, नाहीतर परतीचं तेल अडतंय. नव्या पंपाने ह्यातलं काहीही सुटत नाही. ही चाचणी मोकळ्या मैदानात, वीसेक किलोमीटरच्या वेगात करा, घाटात नाही.

फुकटात होणारी कामं

टायर. मूळ गाडीला १४ इंची रिमवर १७५ किंवा १९५/७० चे टायर होते. त्या जागी रुंद, बुटके टायर आणि मोठी रिमं बसवलीत तर जागेवर वळवताना स्टिअरिंग जड लागणारच, त्यात दोष कुठलाच नाही. हवा गाडीवरच्या तक्त्याप्रमाणे भरा आणि मग पुन्हा काटा लावा.

पट्टा. डिझेल इंजिनांत पंपाला स्वतःचा वेगळा व्ही-पट्टा आहे. तो तुटला किंवा सैल झाला तरी बाकीची गाडी मजेत चालते, म्हणून दुर्लक्ष होतं. इंजिन बंद करून पट्ट्याच्या मधोमध अंगठ्याने दाबा, साधारण सेंटिमीटरभर दबला पाहिजे. पट्ट्याच्या कडा काचेसारख्या चमकत असतील तर तो आवळून उपयोग नाही, बदला. पूर्ण लॉकला, म्हणजे स्टिअरिंग टोकापर्यंत वळवल्यावर, किंचाळणारा पट्टा तर स्वतःच कबुली देतोय. पट्ट्यावर तेल असेल तर आधी ते कुठून आलं ते शोधा. पंपाच्या दांड्याचं सील गळत असेल तर त्याच वाटेने हवाही आत जाते.

तेल. डब्याच्या झाकणावरचा नट सोडला की झाकण निघतं, आत स्प्रिंग आणि तिच्याखाली कागदी फिल्टर. हो, ह्या डब्यात फिल्टर आहे. कित्येक गाड्यांत तो कारखान्यातून आला त्या दिवसानंतर कोणी पाहिलेला नसतो, आणि काहींत तो काढून फेकलेला असतो, 'साहेब, मिळत नव्हता' म्हणून. पुन्हा पुन्हा पंप जाणाऱ्या गाडीत सर्वांत आधी हेच बघा. कागद फुगून, फाटून त्याचे तंतू तेलात गेले असतील तर ते पंपाच्या आतल्या बारीक व्हॉल्व्हपर्यंत पोचतात.

तेल पांढऱ्या रुमालावर घ्या. फेस असेल आणि पंप कण्हत असेल तर हवा शिरतेय. ह्या गाडीत डबा पंपाच्या डोक्यावरच बसलेला असल्याने ओढणारा लांब पाइप नाही, त्यामुळे हवा शिरायच्या जागा मोजक्या आहेत: कमी झालेली पातळी, डब्याखालचं रबरी सील, दांड्याचं सील. काळे, रबरासारखे कण असतील तर पाइप आतून सुटतोय. चमचमणारी बारीक पूड असेल तर लोहचुंबक फिरवा. चिकटली तर पोलाद, म्हणजे पंपाच्या पात्या किंवा बॉक्सच्या गोळ्या.

तेल कुठलं आहे हाही प्रश्न आहेच. इथे लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) किंवा मर्सिडीजचं स्वतःचं पॉवर स्टिअरिंगचं तेल लागतं. ब्रेक ऑइल नाही. हे सांगायला लागू नये, पण डबा रिकामा दिसला की हाताशी असलेली बाटली ओतणारे मदतनीस आहेत. ब्रेक ऑइलने खनिज तेलासाठी बनवलेली सीलं फुगतात आणि मऊ होतात. मग तेल कितीही बदला, सगळी सीलं गेलेली असतात. शंका असेल तर डब्यातलं थोडं तेल पाण्यात टाका. एटीएफ तरंगतं, ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं.

गाडी उचला आणि साखळी तोडा

इथवर काही सापडलं नाही तर खरं काम सुरू. मागच्या चाकांना अडण लावा, पुढची दोन्ही चाकं उचला आणि गाडी स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली कोणीही जायचं नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही.

इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग एका लॉकपासून दुसऱ्या लॉकपर्यंत सावकाश फिरवा. बॉक्समधलं तेल ढकललं जातंय तेवढा सारखा, गुळगुळीत प्रतिकार लागला पाहिजे. कुठे खडबडीत लागतं का, मध्यभागी घट्ट होतं का, एका टोकाशी अडतं का, हे डोळे मिटून बोटांना कळतं. त्यानंतर पिटमन आर्मपासून ड्रॅग लिंक सोडवा. त्यासाठी बॉल जॉइंटचा पुलर वापरा. हातोड्याने ठोकून काढायची आपली पद्धत आहे खरी, पण पिटमन आर्मला दिलेला प्रत्येक ठोका बॉक्सच्या दांड्याला आणि त्याच्या सीलला बसतो, आणि मग नवीनच गळती सुरू होते.

आता साखळीचे दोन तुकडे झाले. स्टिअरिंग फिरवा, फिरतोय तो फक्त कॉलम आणि बॉक्स. चाकं हाताने डावी-उजवी ढकला, हलतायत त्या फक्त लिंक आणि बॉल जॉइंट. ज्या तुकड्यात जडपणा राहिला, दोष त्या तुकड्यात. इतकी सोपी चाचणी, पण ती करण्याआधी पंप उतरवला जातो ह्याचं मला अजूनही नवल वाटतं.

चाकांच्या बाजूला जडपणा निघाला तर आधी स्टिअरिंग डँपरचं एक टोक सोडा आणि तो हाताने आत-बाहेर करा. दोन्ही दिशांना सारखा, संथ विरोध हवा. वाकलेला किंवा आतून धरलेला डँपर पूर्ण स्टिअरिंग जड करू शकतो, आणि तो बदलायला स्वस्त आहे. मग आयडलर आर्म. त्याचं बुश झिजलं की प्ले, म्हणजे ढिलेपणा, येतो हे सर्वांना माहीत असतं, पण गंजलं की तो आर्म फिरायलाच तयार होत नाही, हे लक्षात येत नाही. मुंबईत किंवा कोकणात पावसाळाभर ताडपत्रीखाली उभ्या राहिलेल्या गाड्यांत मी पहिला संशय ह्याच्यावर घेतो. टाय रॉडचे सांधे एकेक करून हाताने वळवून बघा. शेवटी बॉल जॉइंट. रबरी टोपी फाटली, ग्रीस वाहून गेलं, पाणी शिरलं, की सांधा ढिला होण्याआधी काही काळ घट्ट होतो. चाक हलवताना सांध्यावर बोट ठेवा, कोरडा सांधा बोटाला करकरताना कळतो. ग्रीसगनची सुई टोपीत खुपसून दोन दिवस बरं वाटतं, पण त्या भोकातून पुन्हा पाणी जातं. बदलाच.

बॉक्सच्या बाजूला जडपणा निघाला तर मला एक गोष्ट जरा जोरात सांगायची आहे.

तो वरचा स्क्रू

बॉक्सच्या डोक्यावर लॉकनट असलेला एक स्क्रू दिसतो. पिटमन आर्मच्या दांड्याचे दाते आणि पिस्टनचे दाते एकमेकांत किती घट्ट बसावेत ते त्याच्यावर ठरतं. जुन्या गाडीत स्टिअरिंगला प्ले आला की कोणीतरी हा स्क्रू अर्धा फेरा आवळतं. प्ले नाहीसा होतो, मालक खूश, पैसे मिळतात. पण हे दाते मुद्दामच असे घडवलेले असतात की चाकं सरळ असताना ते सर्वांत घट्ट बसतात आणि वळवल्यावर मोकळे होतात. चाकं वळलेली असताना स्क्रू आवळला, किंवा झीज मध्यभागी असताना प्ले शून्य होईपर्यंत आवळत राहिलं, की दाते चावायला लागतात. मग स्टिअरिंग मध्यभागी कडक लागतं, वळणातून परत येत नाही, हायवेवर गाडी सतत सावरावी लागते, आणि दात्यांचा चुरा तेलात पडायला लागतो. तो चुरा कुठे जातो ते वर सांगितलंच.

प्ले बहुतेक वेळा बॉक्समध्ये नसतोच. तो आयडलरच्या बुशात, ड्रॅग लिंकच्या टोकांत किंवा कॉलमखालच्या कपलिंगमध्ये असतो. एकाने स्टिअरिंग थोडं थोडं हलवायचं आणि दुसऱ्याने खाली बघायचं, की कुठली गोष्ट हलते आणि कुठली हलायला उशीर करते. बॉक्सचा स्क्रू ह्या सगळ्यानंतर. ओळखीतल्या एका २४० डी मध्ये लागोपाठ पंप बदलूनही जडपणा जाईना, तेव्हा ड्रॅग लिंक सोडवून बघितलं तर बॉक्स मध्यभागी जवळजवळ अडलेला होता. लॉकनटावर पान्याचे ताजे ओरखडे होते. स्क्रू हळूहळू मागे घेतल्यावर स्टिअरिंग सुटलं, पण तोवर दात्यांवर खड्डे पडले होते आणि शेवटी बॉक्सच बदलावा लागला.

तुमच्या गाडीत ओरखडे दिसले तर चाकं सरळ ठेवा, ड्रॅग लिंक सुटलेलीच असू द्या, स्क्रूची आत्ताची जागा खुणेने नोंदवा आणि लॉकनट ढिला करून स्क्रू पाव फेऱ्याहूनही कमी मागे घ्या. फरक पडला तर कारण सापडलं. नेमकी मापं मात्र मर्सिडीजच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्या, अंदाजाने नाही.

दाबाचं मीटर

साखळीचे दोन्ही तुकडे मोकळे फिरतात, तरी इंजिन चालू असताना स्टिअरिंग जड? मग मात्र तेलाच्या दाबाचा प्रश्न आहे, आणि आता अंदाज बंद, मोजमाप सुरू. पंपातून बॉक्सकडे जाणाऱ्या जाड पाइपाच्या मध्ये दाबाचं मीटर आणि त्याच्या पुढे एक बंद-चालू व्हॉल्व्ह बसवायचा. ह्याचं तयार किट मिळालं तर उत्तम. नाहीतर जेसीबीचे होज क्रिंप करून देणारी दुकानं भोसरी, वाळूज, अंबड अशा एमआयडीसींच्या आसपास असतात. तुमच्या पाइपाचं टोक घेऊन गेलात तर ते त्या आट्याचे अडॅप्टर, होज आणि मीटर जोडून देतात. मीटर दोनशे बारपर्यंतचं घ्या.

तेल गरम करून, इंजिन आयडलिंगला ठेवून, व्हॉल्व्ह उघडा आणि चाकं सरळ ठेवा. ह्या स्थितीत दाब अगदी थोडा असतो. इथेच आकडा मोठा दिसला तर परतीचा पाइप तुंबलाय किंवा आतून सोललेला रबर झडपेसारखा वाट अडवतोय. स्टिअरिंग परत न येण्याचं हे एक लपलेलं कारण आहे, आणि पाइप बाहेरून एकदम नवा दिसतो.

मग व्हॉल्व्ह बंद करा आणि आकडा वाचून लगेच उघडा. पाच सेकंदांपेक्षा जास्त नाही, पंप स्वतःलाच शिजवतो. दिसला तो पंपाचा कमाल दाब. अशा जुन्या गाड्यांत तो साधारण साठ ते शंभर बारच्या दरम्यान असतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये पाहा. त्यानंतर व्हॉल्व्ह उघडा ठेवून स्टिअरिंग पूर्ण लॉकला न्या, तेवढेच काही सेकंद धरा, वाचा. दुसरीकडेही तसंच.

तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आणि पुरेसे, तर पंपही ठीक, बॉक्सही ठीक. परत टायर आणि सांध्यांकडे वळा, काहीतरी नजरेतून सुटलंय. व्हॉल्व्ह बंद केल्यावर दाब भरपूर, पण लॉकला तितका चढतच नाही, तर बॉक्सच्या आतून तेल निसटतंय. एकाच बाजूच्या लॉकला कमी पडत असेल तर त्या बाजूचं सील. आणि व्हॉल्व्ह बंद करूनही दाब चढत नाही, तेव्हाच, फक्त तेव्हाच, पंप दोषी.

तरी लगेच पंप फेकू नका. पंपात तेलाचा प्रवाह आणि कमाल दाब आवरणारा एक स्प्रिंगवाला छोटा व्हॉल्व्ह असतो. त्यात तंतू किंवा चुरा अडकला, की तो उघडाच राहतो आणि तेल पंपातल्या पंपातच फिरतं. अचानक जड होऊन अचानक बरं होणाऱ्या स्टिअरिंगमागे हा असतो. तो काढून धुतला, भोकात बोटाने सहज सरकतोय ना ते बघितलं, तर बऱ्याचदा पंप जिवंत होतो. पॉलिश पेपरने घासू नका, त्याची बसण काही मायक्रॉनची असते.

पुन्हा जोडताना

बॉक्सचं सील किट टाकणार असाल तर आधी सिलिंडरची भिंत बघा. नखाला लागेल असा चर असेल तर नवं सील त्याच चरावर घासून लवकरच जाईल. तेव्हा दुसरा बॉक्स शोधणं शहाणपणाचं. बाहेरचं दांड्याचं सील गळत असेल तर ते वेगळं काम आहे आणि सोपं आहे, त्याने जडपणा जात नाही, फक्त जमिनीवरचा डाग जातो.

दाबाचा पाइप बदलायचा तर एक बाब लक्षात घ्या. कंपनीचा पाइप किंचित फुगतो आणि पंपाचे धक्के गिळतो. जेसीबीसाठीचा स्टीलच्या जाळीचा होज दाब आरामात सोसेल, पण फुगणार नाही, म्हणून स्टिअरिंगमध्ये घरघर येऊ शकते. चाचणीपुरता तो चालतो, कायमचा मूळ पद्धतीचाच लावा.

पंप बदलला किंवा बॉक्स बदलला, तेल धुतल्याशिवाय जोडणी पूर्ण समजू नका. निम्मे पंप परत येतात ते ह्या एका आळसामुळे, असं माझं मत. दोनेक लिटर नवं तेल आणा. परतीचा पाइप डब्यापासून सोडून बाटलीत घाला, डब्याचं ते तोंड बुचाने बंद करा. पुढची चाकं उचललेली, इंजिन बंद. एकाने डबा भरत राहायचं, दुसऱ्याने स्टिअरिंग सावकाश लॉकपासून लॉकपर्यंत फिरवत राहायचं. बाटलीत स्वच्छ तेल यायला लागलं की थांबा. नवा फिल्टर, नवं झाकणाचं सील, पाइप जागेवर.

हवा काढायचीही हीच रीत. इंजिन बंद ठेवून बरेच फेरे मारा, पातळी भरत राहा. बुडबुडे थांबल्यावरच इंजिन सुरू करा, आयडलिंगला ठेवून पुन्हा सावकाश फिरवा, लॉकला दाबून धरू नका. इंजिन बंद केल्याबरोबर डब्यातली पातळी फसफसून वर आली तर आत अजून हवा आहे. तासभर गाडी तशीच राहू द्या आणि पुन्हा करा. घाईत रेस देऊन हवा काढायला गेलात तर तिचा फेस होतो, आणि फेसाने दाब येत नाही.

मग स्प्रिंगकाटा पुन्हा लावा, चारही आकडे वहीत जुन्यांच्या शेजारी लिहा. पाचशेक किलोमीटर झाल्यावर डबा उघडून फिल्टर काढा आणि घडी उलगडून उन्हात बघा. कागद स्वच्छ असेल तर वर्षभर विसरा. त्यावर चमक दिसली तर बॉक्स अजून झिजतोय. आकडे कितीही चांगले आले असले, तरी नवा पंप जायच्या आधी बॉक्सच्या शोधाला लागा.